पिवळी खुर्ची

"बस इथे," मॅडम म्हणाल्या.

खुर्ची लहान मुलांची होती. पिवळ्या प्लास्टिकची, पाठीवर बदकाचं चित्र. बसले तर गुडघे हनुवटीपाशी आले. ज्या मुलाला तपासून दाखवायचं होतं, ते आलंच नव्हतं, आणि सगळा वर्ग काचेमागं येऊन बसला होता. आमच्या क्लिनिकमध्ये अशी एक काच आहे. एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं खिडकी. मागं बसलेल्यांना सगळं दिसतं, माइकवरून ऐकूही येतं. खुर्चीवरच्याला मात्र फक्त आपलं तोंड दिसतं.

पुण्यात येऊन मला महिनाही झाला नव्हता. माणसाचं बोलणं-ऐकणं कुठं अडतं आणि त्यावर काय करायचं, ते शिकवणारं हे कॉलेज. मॅडम एकेक चित्राचं कार्ड उचलत होत्या आणि मी नाव सांगत होते. दूद. वाग. मग त्या म्हणाल्या, माझ्यामागून म्हण, "आम्ही बाजारात गेलो होतो." मी म्हणाले, "आमी बाजारात गेलतो."

काच जाड असते. तरीही हसू ऐकू आलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या आरशाकडं वळल्या आणि शांतपणे, शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "नीट लक्षात घ्या. हा दोष नाही. हे घर आहे. थेरपी दोषाला असते, घराला नसते."

मला आरशात माझंच तोंड दिसत होतं. ते हसत होतं. कुणी अंगावर थुंकलं तरी पाहुण्यासारखं हसायचं, ही सवय आमच्या हाडात किती खोल गेलीय ते मला त्या आरशानं दाखवलं. उठले तर खुर्ची अंगाला अडकून माझ्याबरोबरच वर आली. पुन्हा हसू. मी ती दोन्ही हातांनी ओढून काढली, जागेवर नीट ठेवली आणि "थँक्यू मॅडम" म्हणाले.

होय, थँक्यू म्हणाले.

मॅडमनी घर म्हटलं, तर घराबद्दल सांगते. युसूफ वडगावच्या पुढं फाट्यापासून आत आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती. माझ्या आजोबांच्या पिढीनं बुद्धाचा धम्म घेतला. वस्तीत विहार आहे, पत्र्याचं, पण स्वच्छ. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ग्रामपंचायतीत पाणी सोडतात. कोणत्या गल्लीला कधी वॉल्व्ह उघडायचा ते दादांच्या हातात. ज्या गावानं आमच्या पणज्याला आडावर चढू दिलं नाही, त्या गावाच्या घराघरात आता दादांच्या हातचं पाणी जातं. याचं गावाला काही वाटत नाही. पाणी उशिरा आलं की मात्र वाटतं. मग दादांना शिव्या बसतात आणि दादा उलटून बोलू शकत नाहीत.

कारण दादा तोतरे आहेत. साधं तोतरेपण नाही. शब्द घशात येऊन असा अडकतो की मानेच्या शिरा फुगतात, डोळे मिटतात, उजवा पाय जमिनीवर घासला जातो.

फाट्यावर एक हॉटेल आहे. चहा, भजी, बाकडी. मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. दादा मला घेऊन वॉल्व्ह उघडून आले की हॉटेलात बसलेले मोठ्या घरचे लोक त्यांना थांबवायचे. त्यातले एक बप्पा होते, गावात त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणायचे, "ए, आदी जय भीम म्हन, मग चहा."

दादांना सगळ्यात जड जाणारं अक्षर म्हणजे ज. ते बप्पांना माहीत होतं. साऱ्या हॉटेलाला माहीत होतं.

"ज... ज... ज..."

बाकड्यावर पेल्यांचा ठेका सुरू व्हायचा. कुणीतरी म्हणायचं, "गाडी तापंना बे. धक्का मारा." बप्पांचा पोरगा, माझ्याहून थोडा मोठा, पोट धरून हसायचा. आपल्या बापाच्या तोंडात आपल्या बापमाणसाचं नाव अडकलंय आणि त्यावर भजी खात हसणं चाललंय, हे लहान पोरीला शब्दांत सांगता येत नाही. पण कळतं. पोटात कळतं.

एक दिवस मीच ओरडून म्हणाले, "जय भीम." दादांच्या जागी. संपावं म्हणून. हॉटेल आणखीच हसलं. बप्पा म्हणाले, "पोरगी बापाची जीभ हाय."

तेव्हापासून मी खरंच दादांची जीभ झाले. रेशनच्या दुकानात मी, दवाखान्यात मी, केजच्या तहसीलात मी. दादांनी तोंड उघडलं की त्यांचा शब्द बाहेर यायच्या आत मी तो पुरा करायची. दादा मग गप्प व्हायचे. मला वाटायचं, मी त्यांना सोडवतेय.

फक्त विहारात माझी गरज नसायची. पौर्णिमेला सगळे मिळून वंदना म्हणायचे, दादाही म्हणायचे, आणि एकही शब्द अडकायचा नाही. आवाज खणखणीत. मला लहानपणी वाटायचं, बुद्धाच्या भाषेतच औषध आहे. कॉलेजात कळलं की तोतऱ्या माणसाचा शब्द बऱ्याच वेळा चारचौघांच्या सुरात मिसळला की मोकळा होतो. पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता. त्या सुरातून उठून तोच माणूस फाट्यावरच्या हॉटेलासमोरून एकटा घरी जातो, तेव्हा त्याला काय होतं, हे पुस्तकात नव्हतं.

या दादांपायी मी हे शिकायला निघाले. गावात कुणी म्हणे मुक्या-बहिऱ्यांचं कॉलेज, कुणी म्हणे बोलायचा डॉक्टर. आणि पहिल्याच महिन्यात मलाच खुर्चीवर बसवलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी होस्टेलच्या गच्चीवरून घरी फोन केला आणि मायला म्हणाले, दादांना दे. दादा फोनवर बोलत नाहीत. फोनवर त्यांचं सगळ्यात जास्त अडतं. ते फोन कानाला लावतात आणि नखानं त्यावर टकटक करतात. म्हणजे, हाय मी, ऐकायलोय. मी सगळं सांगितलं. खुर्ची, काच, हसू, घर. मग टकटक. मी जगात फक्त त्यांनाच हे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. आरशासमोर तोंडापुढं तळहात धरून ध, भ, घ, ख. हवा हाताला लागली पाहिजे. आम्ही. नाही. आहे. होतो. रात्रंदिवस तेच. वर्गात कमी बोलायची, म्हणजे चूक कमी. जेवायला शेवटी जायची, म्हणजे शेजारी कुणी नसायचं. चार वर्षांत माझी एकही मैत्रीण झाली नाही. त्यांनी टाळलं असं नाही म्हणत मी. एक मुलगी दोन-तीनदा फिरायला चल म्हणाली होती. पण तिच्याबरोबर चालताना मी इतकी जपून बोलायची की चालून नाही, बोलून दमायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की तोंड दाबणारा हात माझाच होता.

जीभ स्वच्छ झाली. इतकी, की हे सगळं तुम्हाला मी त्याच स्वच्छ मराठीत सांगतेय. मग मायचे फोन कमी झाले. विचारलं तर म्हणाली, "तू बोलतीस ते आकाशवानीवानी वाटतंय. काय बोलावं कळंना." सुट्टीत घरी गेले तर वस्तीतल्या बाया मला तुमी म्हणायला लागल्या. लहानपणी ज्यांनी माझं नाक पुसलं, त्या म्हणत, बसा म्याडम. मी घरची राहिले नव्हते, म्हणून पुण्याची झाले, असं तर काही नव्हतं. इकडून उठले, तिकडं बसायला जागा नाही.

शेवटच्या वर्षी मी काचेमागं उभी होते. खुर्चीवर नेकनूरकडचं एक पोरगं होतं. आई-बाप ऊसतोडीला पुण्याच्या बाजूला आलेले. आई कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभी. पोरगं बोललं, आमच्याकडचंच बोललं, त्यात आणखी काही शब्द अर्धेच. मॅडम आरशाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हा दोष नाही. हे घर आहे." शब्दही तेच. माझ्यापुढं बसलेली पोरं वहीत लिहायला लागली.

त्या पोराचा कान वाहत होता. आईनं मागून हाक मारली तरी त्याला कळत नव्हतं. त्याचे शब्द अर्धे होते, कारण ते त्याला अर्धेच ऐकू येत होते. पण बोलणं आमच्याकडचं निघालं आणि तपासणी तिथंच थांबली. घर दिसलं की त्यांना दोष दिसेनासा होतो. मी नंतर मॅडमच्या खोलीत जाऊन, स्वच्छ शब्दांत, कानाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ आली नाही. टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली. पोराचं काय झालं मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं माझ्या छातीत तसंच बसलंय.

पदवी झाली. पदव्युत्तरसाठी दोन ठिकाणी माझा नंबर लागला. एक दक्षिणेतलं मोठं कॉलेज. नाव असं की ऐकणारा सावरून बसतो. तिथं सगळं इंग्रजीत. दुसरं हेच, पुण्याचं.

मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, तू आमच्याकडेच ये, माझ्याच हाताखाली. आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुझे उच्चार किती स्वच्छ झालेत गं. नव्या मुलांना मी तुझंच उदाहरण देते. आता कुणी सांगूनही खरं वाटणार नाही." मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मग आठवलं. खुर्चीवर बसवलं तेव्हाही मी उदाहरणच होते.

मी दक्षिणेत जायचं ठरवलं. तिथं माझ्या मराठीवरून कुणी माझं गाव, वस्ती, आजोबा ओळखणार नव्हतं. मी कुठली, हा प्रश्नच उरला नसता. कुणाचीही नसणं हे मला फार मोठं सुख वाटत होतं. चार वर्षांच्या एकटेपणावर मी आणखी मोठ्या एकटेपणाचं औषध शोधलं होतं.

दोन्हीकडं जागा पक्की करायची शेवटची तारीख एकच होती. गावात नेट धड चालत नाही, म्हणून त्या दिवशी केजला जायला निघाले. दादा फाट्यापर्यंत सोडायला आले. जीपची वाट बघत आम्ही हॉटेलासमोर उभे राहिलो.

बप्पा आता नाहीत. त्यांच्या बाकड्यावर त्यांचा पोरगा बसतो. पोट सुटलंय, गळ्यात साखळी. दादा त्याच्या बापाच्या वयाचे. त्यानं दादांना हाक मारली.

"काय बे, पोरगी कुठं चाल्ली आता? सांग की. का गाडी तापंना आजून?"

बाकड्यावरचे हसले. दादांची मान ताठ झाली. "ति... ति..."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. स्वच्छ, धुतलेलं, पुण्याचं. त्या मराठीनं सगळं हॉटेल गप्प झालं असतं, कारण ती त्यांनाही येत नाही. मी सवयीनं तोंड उघडलंही. आणि मिटलं.

आमच्या कामातली पहिली शिकवण आहे. अडकलेल्या माणसाचा शब्द आपण पुरा करायचा नाही. नजर काढायची नाही, घड्याळ बघायचं नाही, मान हलवून घाई करायची नाही. थांबायचं. पुण्यात मी अनोळखी माणसांसाठी रोज थांबत होते. दादांसाठी कधी थांबले नव्हते.

मी दादांकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

"ति... ति..."

कुणीतरी पेला बाकड्यावर वाजवला. तोच ठेका. एकजण म्हणाला, "पुन्याला का?" दुसरा म्हणाला, "अगं सांग की तूच, बापाला कशाला तरास."

मी म्हणाले, "थांबा. दादा बोलायलेत."

चार वर्षांत पहिल्यांदा वस्तीतला शब्द माझ्या तोंडून असा सरळ निघाला. मी तो शोधला नव्हता. तो तिथंच होता.

पेला वाजायचा थांबला. जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी हललेच नाही. जीप निघून गेली. दादांचा पाय जमिनीवर घासत होता, शिरा तटतटल्या होत्या, आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. हॉटेलात भज्यांचं तेल तेवढं वाजत होतं.

"ति... तिचं... ती ठरवील," दादा म्हणाले. मग मान वळवून त्या पोराकडं बघितलं. "तु... तुमाला... क... कावून पायजे?"

त्यानं मोबाईल काढला आणि त्यात बघायला लागला. बस, एवढंच. कुणी माफी मागितली नाही, कुणी उठून उभं राहिलं नाही. उद्या तो पुन्हा बे म्हणणार हेही मला माहीत आहे. पण एक वाक्य त्या हॉटेलात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत दादांनी स्वतः पुरं केलं होतं, आणि सगळ्यांना ते थांबून ऐकावं लागलं होतं.

आम्ही पुढं जाऊन लिंबाखाली उभे राहिलो. दुसऱ्या जीपला वेळ होता. मी दादांना दक्षिणेचं सांगितलं. घरच्या भाषेत सांगितलं, आधी अडखळत, मग बरं जमलं. ते ऐकत होते. मग विचारलं, "ति... तिकडं... तुला कोन हासनार न्हाई?"

मी म्हणाले, "न्हाई दादा. तिकडं कोनाला कळनारच न्हाई मी कुठली ते."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ रस्त्याकडं बघितलं. मी थांबले.

"आन ती... ती खु... खुर्ची? हाय का आजून?"

मी म्हणाले, "हाय."

त्यांनी माझ्या पिशवीवर नखानं टकटक केलं आणि पाणी सोडायची वेळ झाली म्हणून निघाले. मला वाटलं होतं ते जा म्हणतील किंवा नको म्हणतील. दोन्ही म्हणाले नाहीत. लिंबाखाली मी एकटी उरले. त्या दिवसाइतकी एकटी मी कधीच नव्हते, कारण आता माझ्या जागी बोलणारं कुणी नव्हतं आणि मलाही कुणाच्या जागी बोलायचं नव्हतं.

मी दक्षिणेत गेले तर खुर्ची रिकामी राहणार नाही. तिच्यावर आमचंच कुणीतरी बसेल. नेकनूरचं, केजचं, धारूरचं. मी फक्त तिथं नसेन.

केजला पोचले. नेटच्या दुकानात बसून पुण्याची जागा पक्की केली. दक्षिणेची सोडली. मग बाहेर येऊन, बाजाराच्या गलबल्यात उभं राहून मॅडमना फोन लावला.

"म्याडम, मी येनार हाय. तुमच्याकडंच."

पलीकडं त्या हसल्या. "अगं, हे काय? घरी जाऊन उच्चार बिघडले का तुझे?"

"बिघडले न्हाईत. घरचे हाईत."

त्या गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. मधली जागा मी भरली नाही. थांबायला मला त्यांनीच शिकवलं होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, कशावर काम करायचं ठरवलंयस. मी सांगितलं. आमच्याकडच्या पोरांचं बोलणं तपासायचं माप मला तयार करायचंय. त्यातलं आमचं काय आणि अडलेलं काय, हे नीट वेगळं करायचंय. घराकडं बोट दाखवून पुन्हा कुणाचा वाहता कान सुटता कामा नये. त्या म्हणाल्या, अवघड आहे. मी म्हणाले, हाय.

वस्तीत काहींना वाटतं मी येड्यासारखं केलं. नावाजलेलं कॉलेज सोडून, जिथं हसले तिथंच परत. माय म्हणाली, त्या बाईच्या हाताखाली दोन वर्षं कशी काढशील. खरंय. ती काच तशीच असेल. काचेमागं नवी पोरं असतील, आणि माझं बोलणं ऐकून हसतील. त्यांना हसू दे. मला आता आरशात बघून हसायचं नाहीये.

पहिल्या दिवशी त्या खोलीत गेले की मी दोन गोष्टी करणार. आमच्याकडचं पोरगं खुर्चीवर बसेल तेव्हा मी त्याच्यासमोर जमिनीवर बसणार, आणि आधी त्याचा कान बघणार. मग त्याच्याशी आमच्या बोलीत बोलणार. माइक चालू ठेवून.